भिंतीकडला पाट

१

देवी टोचण्याच्या कामात माझी एकवीस वर्षं गेली. महापालिकेच्या कागदावर मी व्हॅक्सिनेटर अण्णाराव, गल्लीबोळांत मात्र देवी डॉक्टर. मी आलो की लोक दारं लावून घेत, बायका लेकरांना माळ्यावर चढवत, म्हाताऱ्या माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत. मी ऐकून घ्यायचो, दंड धरायचो आणि टोचायचो. माणसाला कशाचीही सवय होते, शिव्यांचीसुद्धा.

एकाहत्तर सालच्या जूनमध्ये सोलापुरात डोळ्यांची साथ आली. डोळे येणं म्हणजे काही नवल नव्हे, दर उन्हाळ्यात येतात आणि जातात. पण हे प्रकरण वेगळं होतं. सकाळी डोळ्यात खडा गेल्यासारखं वाटायचं आणि दिवेलागणीपर्यंत डोळा रक्ताने भरून पापण्या फुगायच्या. घरात एकाला आले की तिसऱ्या दिवशी सगळं घर आडवं. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "हा नवा विषाणू दिसतोय. औषध असं काही नाही. धुवा, थेंब घाला आणि हात लावू नका म्हणून सांगा." मग माझ्या पिशवीतल्या सुया निघाल्या. त्या जागी बोरिक पावडर, ड्रॉपर, मलमाच्या ट्यूबा आणि एक बॅटरी आली.

लोकांनी आपापलं औषध आधीच शोधलं होतं. काळे चष्मे चार दिवसांत संपले, तेव्हा कुणीतरी पुठ्ठ्याला जिलेटिनचा निळा कागद लावून चार आण्याला चष्मे विकायला काढले. न्हावी गिऱ्हाईकाला आरशाकडे तोंड करू देईनात. नजरेला नजर भिडली की साथ लागते, हे सगळ्या शहराने एका दिवसात मान्य केलं. ओळखीची माणसं रस्त्यात भेटली की खाली बघून "काय, बरं हाय का?" विचारत आणि चपलांनाच उत्तर देत. कुणी म्हणे ही साथ मुंबईहून येणाऱ्या सुताच्या गाठींमधून आली. कुणी म्हणे माणूस चंद्रावर जाऊन नाही ते घेऊन आला. मी हसायचो, पण हसायचासुद्धा कंटाळा आला होता.

शहराच्या पूर्वभागातले विणकरांचे माग सगळ्यात आधी थांबले. तुटलेला धागाच दिसेना तर सांधणार कसा? ज्या गल्ल्यांमध्ये खटखटीमुळे ओरडून बोलावं लागायचं, तिथे आता माझ्या चपलांचा आवाज मलाच ऐकू येऊ लागला.

२

चंद्रव्वाचं घर त्या गल्लीच्या तोंडाशी. सत्तरीची बाई, कडक. गेल्या वीस वर्षांत तिने मला तीनदा हाकलून दिलं होतं आणि चौथ्यांदा चहा पाजला होता. त्या दिवशी मी गेलो तेव्हा घरातली पाची माणसं डोळ्यांवर हळदीत भिजवलेल्या फडक्याच्या पट्ट्या बांधून भिंतीशी ओळीने बसली होती. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे.

"हे काय गं चंद्रव्वा? शाळेत शिक्षा झाल्यागत बसलाय सगळे."

"एकामेकाकडं बघाय नगं म्हनून," ती म्हणाली. "बघितलं की वाढतंय."

पलीकडच्या कोपऱ्यात एक पाट मांडला होता, तोही भिंतीकडे तोंड करून. पाटापुढे दहीभाताची वाटी आणि हळदकुंकू. देवी आल्यावर जुन्या घरांमध्ये असं करायचे. घरात फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, आलेल्या बाईचा मान ठेवायचा आणि नवव्या दिवशी दहीभात देऊन तिला वेशीबाहेर पोचवायचं. देवीसाठी मी हे शेकडो घरांत पाहिलं होतं. डोळ्यांसाठी पाट मांडलेला पहिल्यांदाच पाहत होतो.

"ही देवी नाही, चंद्रव्वा. डोळे आलेत. पाट कशाला?"

"आली की कोनतरी. मग बस म्हनाय नगं?" मग ती म्हणाली, "निसतं बस म्हनून भागत न्हाय, अण्णाराव. देवीला नाव हाय, नावानं बोळवता येतंय. हिला नाव न्हाय. हिला जा म्हनायचं कसं, त्येच कळंना झालंय."

अडाणीपणाशी वाद घालत बसलो असतो तर दिवसाला चार घरं झाली नसती. मी एकेकाची पट्टी सोडून थेंब घातले. पाचव्याची पट्टी पुन्हा बांधली आणि कोपऱ्यात वळून म्हणालो, "चला बाई, तुम्ही राहिलात."

पाटावर बसलेली बाई हलली नाही. डोक्यामागे पट्टीची गाठ, पदर मानेवरून पुढे घेतलेला. सासऱ्यासमोर लाजणारी एखादी सून असेल म्हणून मी आग्रह केला नाही. उद्या येतो म्हटलं आणि निघालो.

पुढच्या चौकात गेल्यावर आठवलं की आत जाताना मी पाचच माणसं पाहिली होती, आणि थेंबही पाची जणांना घातले होते. शेजारीण येऊन बसली असेल. डोळे बांधलेल्या घरात कोण आलं नि कोण गेलं, याचा पत्ता कुणाला लागणार?

३

चंद्रव्वाच्या पाटाची बातमी साथीपेक्षा लवकर पसरली. आठवड्याभरात दर घरात भिंतीकडे तोंड केलेला एक पाट दिसू लागला. ज्यांच्याकडे पाट नव्हता, त्यांनी घोंगडी अंथरली किंवा खोकं उपडं घातलं.

इमामसाब टांगा चालवायचा. देवीशी त्याचा काही संबंध नव्हता, तरी त्याच्या खोलीतही पाट होताच.

"तू पण, इमामसाब?"

"क्या करना साब, सब घरां में रखे, हम बी रखे." तो ओशाळून हसला. डोळ्यांवर फडकं बांधलेलं, हसू कुणाकडे करावं ते त्याला कळत नव्हतं. "रशीदा बोली, किसीकू बिठाने में अपना क्या जाता?"

मी त्याला आणि त्याच्या बायकोला, रशीदाला, थेंब घातले. मग पाटावर बसलेल्या बाईकडे बोट दाखवून म्हणालो, "तुझ्या अम्माला इकडे वळव जरा. ती कधीची बसून आहे."

इमामसाबचं हसू गेलं. "अम्मा कू मर के तीन बरस हुए, साब."

ड्रॉपर माझ्या हातात तसाच राहिला. मी तो पाण्यात धुतला. त्याला एवढं धुवायची गरज नव्हती, पण मी धूत राहिलो. वर पाहिलं तेव्हा पाट रिकामा होता. दार माझ्या पाठीशी होतं आणि माझ्या जवळून कुणीही गेलेलं नव्हतं.

घरी चालत येताना मी स्वतःला सगळं समजावून सांगितलं. सकाळी सातपासून उन्हात हिंडतोय. बाहेरच्या उजेडातून अंधाऱ्या खोलीत शिरलं की डोळ्यांपुढे काहीबाही उभं राहतंच, हे मी लोकांना शंभरदा सांगितलेलं. आणि गल्लीतल्या बायकांना एकमेकींच्या घरात जाऊन बसायची सवय असते. एवढी कारणं पुरेशी होती. तरी दुसऱ्या दिवसापासून मी दारातूनच ज्याला त्याला बाहेर ओट्यावर बोलावू लागलो. आत जाणं सोडून दिलं.

४

माझ्या घरात तेव्हा बारा दिवसांची नात होती.

माझी एकुलती एक मुलगी नीलांबिका, मैंदर्गीला दिलेली, पहिलटकरीण म्हणून आमच्याकडे आली होती. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर हे लेकरू झालेलं. बारसं साथीमुळे पुढे ढकललं, म्हणून सगळे नुसतं बाळ म्हणायचे. मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं होतं की तान्ह्याला हे झालं तर काय होतं. ते म्हणाले, "मोठ्यांचं आठ दिवसांत जातं. तान्ह्यांच्या बुबुळाला काय होईल ते आम्हालाच अजून ठाऊक नाही, अण्णाराव. जपा."

मी जपत होतो. घरात शिरण्याआधी मोरीत कपडे काढायचे, डेटॉलने कोपरापर्यंत हात धुवायचे, बाळाला लांबूनच बघायचं. एवढं करूनही साथ आणली ती मीच, दुसऱ्या कुणी नाही. आधी बायकोचे डोळे आले, दोन दिवसांनी नीलाचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला इतकं शरमल्यासारखं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

माझी बायको महादेवी तीस वर्षांत माझ्याशी कधी भांडली नव्हती. त्या दिवशी भांडली.

"पाट मांडते मी. सगळ्या गावानं मांडलाय."

"आपल्या घरात हे चालणार नाही."

"तुमची नोकरी तितं हाफिसात ठेवा. मला लेकराचं भ्या हाय."

"अगं, पाट मांडून साथ जात असती तर सरकारनं मला कशाला ठेवलं असतं? आणि समज, कुणी येऊन बसलंच, तर?" हे माझ्या तोंडून निघून गेलं.

"बसू दे की," ती म्हणाली. "बसायला जागा मिळाली तर लेकराकडं न्हाय जानार."

 मी काय पाहिलं ते तिला सांगितलं असतं, तर तिने पाट मांडला नसता असं मला आजही वाटतं. पण एकवीस वर्षं लोकांना अडाणी म्हणत आलेल्या माणसाला ते तोंडातून काढवेना. दुसऱ्या दिवशी माझ्याही डोळ्यात खडा टोचू लागला.

५

आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी आणि नीला पडलेलो, आतल्या खोलीत आढ्याला साडीची झोळी आणि झोळीत बाळ. त्यामागे मोरी. वर पत्रा. उन्हाने पत्रा तापला की टणटण वाजायचा, आणि पापण्यांच्या आत तोच आवाज दुखायचा.

शेजारच्या गिरिजाबाईंना साथ होऊन गेली होती. त्या सकाळी येऊन बाळाला आंघोळ घालत, आमच्यासाठी भात टाकत आणि जात. एरवी नीला हात धुऊन, पट्टी बांधलेलीच, बाळाला पाजायची. बाळाचे डोळे अजून स्वच्छ होते. गिरिजाबाई रोज सकाळी तसं सांगत आणि आम्ही तिघं आंधळ्यांसारखे त्यांच्या आवाजाकडे तोंड करून ते ऐकत असू. दिवसातलं तेवढंच एक सुख होतं.

दोन दिवसांत मी घर कानांनी ओळखू लागलो. महादेवीची जोडवी फरशीवर वाजायची. नीलाच्या बांगड्या. झोळीची कडी करकरायची. तिसऱ्या दिवशी आतल्या खोलीतून आणखी एक आवाज ऐकू आला. लाकडाचा, टक असा. थोड्या वेळाने पुन्हा टक. एक पाय आखूड असलेल्या पाटावर माणसाने अंग हलवलं की होतो, तसा.

"महादेवी, पाट मांडलास का तू?" मी विचारलं.

ती माझ्या जवळच बसून हळदीचं फडकं पिळत होती. पिळता पिळताच म्हणाली, "परवाच मांडला. रागवू नगा."

"त्यावर बसतेस कधी?"

"अवो, मी कशाला बसू? तो तिचा."

मी रागावलो नाही. मला फक्त झोप हवी होती. उंदीर असेल असं मी मनाशी म्हणालो, आणि उंदराच्या वजनाने पाट हलत नाही हेही मनातच ठेवलं.

त्या दुपारी गिरणीचा तीनचा भोंगा झाला आणि बाळ रडायला लागलं. महादेवी मोरीत कपडे आपटत होती. नीला माझ्या शेजारी झोपलेली, बाळंतीण, थकलेली. तिला उठवायचं जिवावर आलं. मी भिंत चाचपत उठलो. उंबऱ्यापर्यंत पोचलो तोच बाळ गप्प झालं.

एकदम गप्प झालं नाही. कुणी उचलून घेतल्यावर मूल हुंदके देत देत थांबतं, तसं. मग पाठीवर थापटल्याचा आवाज आला. हळू, एका लयीत.

"गिरिजाबाई?" मी म्हणालो.

थापटणं चालूच राहिलं. मोरीतून कपडे आपटल्याचा आवाज येत होता, म्हणजे महादेवी तिथे होती. मागे नीलाचा श्वास ऐकू येत होता. माझी बोटं पट्टीखाली गेली आणि मी ती कपाळावर सरकवली.

उजेडाने डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं. सगळं तांबडं आणि फुटलेलं. त्यात पाट दिसला, भिंतीकडे तोंड केलेला. पाटावर तिची पाठ. डोक्यामागे फडक्याची गाठ. खांद्यावर आमचं बाळ, त्याचं तोंड माझ्याकडे. अठरा-वीस दिवसांच्या लेकराची नजर कुठे ठरत नाही, हे मी शेकडो तान्ह्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलंय. ते बाळ तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होतं. नजर न हलवता, ओळख असल्यासारखं.

मला ओरडता येईना. ओरडलो असतो आणि तिने बाळ सोडलं असतं तर? माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून मलाच माझी कीव आली. घरोघरी बोलतो तेच मी बोललो.

"बाई, बाळ द्या इकडे. मला बघू द्या."

थापटणं थांबलं. पाट टक वाजला. ती वळू लागली, आणि वळता वळता तिचा एक हात मागे गाठीकडे गेला. बोटांनी गाठ सुटायला लागली.

मी माझी पट्टी ओढून खाली घेतली आणि दोन्ही हात पुढे केले. मी किती वेळ तसा उभा होतो, ठाऊक नाही. पत्रा वाजत होता. मग माझ्या हातांवर ओझं ठेवलं गेलं. ऊबदार, दुधाचा आणि वेखंडाचा वास असलेलं. तिच्या हातांचा स्पर्श मला झाला नाही, किंवा झाला असेल तर मला तो आठवायचा नाही.

"अवो, तुमी कशाला उचललं?" महादेवी मोरीच्या दारातून पट्टी वर करून म्हणाली. "हात तरी धुतलं का?"

"धुतले," मी म्हणालो.

६

आठ दिवसांत आमचे तिघांचे डोळे उघडले. बाळाला काहीच झालं नाही. शहरातही साथ ओसरली. माग पुन्हा खटखटू लागले, निळ्या कागदाचे चष्मे गटारातून वाहून गेले, लोक पुन्हा एकमेकांच्या तोंडाकडे बघत भांडू लागले. महादेवीने पाट धुऊन फळीवर टाकला. तिने कुणाची बोळवण केली नाही, आणि मीही तिला त्याची आठवण करून दिली नाही.

बारसं झालं. बाळाचं नाव बसव्वा ठेवलं, नीलाच्या आजेसासूचं. महादेवी तिला मांडीवर घेऊन बसली की मला हाक मारायची. "बघा तरी! तुमी घरात कुटंबी फिरा, ही मान वळवून तुमच्याकडंच बघतीया. आज्याची लाडकी हाय." मी हसायचो आणि पेपर तोंडापुढे धरायचो.

निघायच्या दिवशी मैंदर्गीहून नीलाचा नवरा बैलगाडीने अक्कलकोट रोड स्टेशनपर्यंत येणार होता. सामान बांधून झाल्यावर नीला बाळाला घेऊन माझ्यापुढे बसली.

"अण्णा, एक काम करा की. सासूबाईंचा निरोप हाय, साथीच्या घरातलं लेकरू, डोळं नीट बघून घेऊन ये म्हनून. त्या लई भित्यात. मीबी भिते." तिचा आवाज भरून आला. "सा वर्सांनी झालंय वो हे. तुमी सगळ्या गावाचं डोळं बघता. हिचं बघा. तुमी बरं हाय म्हनला की माझा जीव भांड्यात पडंल."

नाही म्हणायला कारण नव्हतं. मी पिशवीतून बॅटरी काढली. बाळाला मांडीवर घेतलं, डाव्या हाताच्या अंगठ्याने पापणी वर केली. हे काम मी त्या उन्हाळ्यात हजारो वेळा केलं होतं. बाळ रडलं नाही, हललंही नाही. तिची मान माझ्याकडे वळलेली मला जाणवत होती. मी तिच्या कपाळावरच्या तिटेकडे बघत राहिलो. बॅटरी लावली, उजव्या डोळ्यावरून डाव्या डोळ्यावर नेली, थोडा वेळ धरली, आणि बंद केली.

"दोन्ही डोळे चांगले आहेत," मी म्हणालो. "काळजी करू नको."

नीला तिथेच बसून रडली, हलकी झाल्यासारखी. मग डोळे पुसून, बाळाचा मुका घेऊन गाडीला निघून गेली. मी ते डोळे पाहिलेच नव्हते, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.